स्वप्नात कोण गेलं हे नंतर विचारा

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या बाई कोपरखैरण्याला राहतात, वय ३९, नोकरी ऐरोलीत. आई ७२ वर्षांची, साताऱ्याजवळच्या गावी एकटी. गेल्या दीड महिन्यात एकच स्वप्न तीनदा पडलं, तिन्ही वेळा पहाटे. गावच्या घराच्या पडवीत आईला खाली ठेवलंय, माणसं जमलीत, आणि बाई कपाटाच्या किल्ल्या शोधतायत. किल्ल्या सापडत नाहीत. रडू येत नाही. मागून कुणीतरी म्हणतं, "आवरा लवकर, गाडी चुकेल." जाग येते तेव्हा घसा कोरडा पडलेला असतो. मावशी म्हणाल्या, पहाटेचं स्वप्न खरं होतं, कुणाला सांगू नकोस, गजेंद्रमोक्ष वाच. मोबाइलवर शोधलं तर तिथे मृत्यू म्हणजे 'नवी सुरुवात'. त्यांनी विचारलंय: ह्याचा अर्थ काय, आईचं काही वाईट होणार आहे का, आणि मला रडू का आलं नाही?

ताई, तुमचा मधला प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर मिळेपर्यंत बाकीचं तुमच्या डोक्यात शिरणार नाही. नाही, ह्या स्वप्नाने आईचं काही होणार नाही. तिची प्रकृती कशी आहे हे स्वप्नाला ठाऊक नसतं. ते तिला फोन करून कळतं, आणि तिच्या डॉक्टरांच्या कागदावरून कळतं.

पहाटेचं म्हणाल तर त्यामागे एक साधं कारण आहे. १९५३ मध्ये शिकागोत यूजीन ॲसरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी झोपेतली अशी अवस्था नोंदवली, जिच्यात बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर हलत असतात. तिला रेम झोप म्हणतात. ती साधारण दर दीड तासाने येते. रात्रीच्या सुरुवातीला काही मिनिटांची असते आणि पहाटेकडे लांबत जाते. ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्नं बहुतेक ह्याच झोपेत पडतात. तेव्हा पहाटे स्वप्नं जास्त पडतात, आणि लगोलग जाग आल्यामुळे आठवतातही. रात्री एकचं स्वप्न पडून गेलेलं असतं, पण त्यावर आणखी चार तास झोप साचते. पहाटेचं स्वप्न खरं होतं यातला खरा भाग माझ्या मते इतकाच, की ते लक्षात राहतं.

पण प्रत्येक घरात एक गोष्ट असतेच: काकूंना स्वप्न पडलं आणि आठव्या दिवशी तार आली. ती गोष्ट खोटी असते असं मी म्हणत नाही. हिशोब करून बघा. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाख ४० हजारांच्या आसपास होती. समजा, प्रत्येकाला जवळच्या माणसाच्या मरणाचं स्वप्न पाच वर्षांतून एकदाच पडतं. पाच वर्षांच्या रात्री १,८२५. म्हणजे एकट्या ठाण्यात रोज रात्री हजारेक माणसं असं स्वप्न बघून दचकून उठतात. त्या हजारांतल्या एखाद्याच्या घरी त्याच आठवड्यात खरंच दुःखद बातमी येणारच. ती गोष्ट तीन पिढ्या सांगितली जाते. उरलेल्या नऊशे नव्याण्णवांनी चहा घेतला, आठ बाराची लोकल पकडली आणि ते विसरले.

मावशींच्या बाजूनेही दोन शब्द बोलते, कारण परंपरा म्हणजे नुसती भीती, असं समजणं चूक आहे. चरकसंहिता ह्या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, इंद्रियस्थान नावाच्या भागात, स्वप्नांचे सात प्रकार दिलेत: पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, हवंसं वाटलेलं, कल्पनेतलं, पुढे घडणारं सुचवणारं, आणि शरीरातल्या वात-पित्त-कफ दोषांमुळे पडणारं. यातले पहिले पाच वैद्याने निष्फळ समजावेत, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. दिवसा पडलेलं, फार तोकडं किंवा फार लांबलचक स्वप्नही मोजायचं नाही. उंटावर वा गाढवावर बसून दक्षिणेला जाणं वगैरे अशुभ स्वप्नांची यादी त्याच अध्यायात आहे, ती मी लपवत नाही. तरी सातांपैकी पाच प्रकार आधीच बाजूला काढणारा तो वैद्य मला आजच्या स्वप्नफळ सांगणाऱ्या ॲपपेक्षा जास्त शहाणा वाटतो. तुमची आई एकटी राहते, तुम्ही हे रोज पाहता, रोज ऐकता, रोज मनात घोळवता. चरकाच्या हिशोबाने तुमचं स्वप्न कुठल्या खणात पडतं ते तुम्हीच ठरवा. आपली म्हण तर एका ओळीत संपवते: मनी वसे ते स्वप्नी दिसे.

आणि गंमत म्हणजे आपल्या लोकसमजुती एकमेकींना खोडून काढतात. स्वप्नात दात पडला तर घरातलं कुणीतरी जाणार. स्वप्नात लग्न दिसलं तर वाईट बातमी, मयत दिसलं तर चांगली. ज्याचं मरण दिसतं त्याचं आयुष्य वाढतं, हेही आपणच म्हणतो. माझी आजी वाईट स्वप्न पडलं की उठल्या उठल्या मोरीत नळ सोडायची आणि वाहत्या पाण्याला ते सांगून टाकायची. पाण्याने ते कुठे नेलं देवाला ठाऊक, पण ती मनातलं बोलून मोकळी व्हायची आणि पोळ्या लाटायला बसायची. मनाच्या तक्रारी ऐकण्याची तीस वर्षांची प्रॅक्टिस झाल्यावर मला वाटतं, माझ्या खोलीत येणारी बरीच माणसं त्या नळाच्याच शोधात असतात. तेव्हा गजेंद्रमोक्ष वाचून शांत वाटत असेल तर जरूर वाचा. 'कुणाला सांगू नकोस' एवढं मात्र ऐकू नका.

आता अर्थ. साप म्हणजे हे, पाणी म्हणजे ते, मृत्यू म्हणजे बदल, असा शब्दकोश मी वापरत नाही. 'मृत्यू म्हणजे परिवर्तन' हे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या विचाराचं पातळ केलेलं ताक आहे. युंगचं म्हणणं असं की स्वप्नातलं मरण कधीकधी आपल्यातल्या एखाद्या जुन्या भूमिकेचा, जुन्या वळणाचा शेवट दाखवतं. ह्यात तथ्य आहे, मी ते पाहिलंय. पण कोणत्या वळणाचा, कुणाच्या, हे त्या माणसाला विचारल्याशिवाय कळत नाही. आणि ॲप तर काहीच विचारत नाही.

मी समोरच्याला पहिला प्रश्न विचारते तो हा: तुम्ही तिथे काय करत होतात? मेलं कोण, हे बहुतेक वेळा मन हाताशी असलेल्या माणसांतून उचलतं, आणि ज्याची काळजी जास्त त्याला आधी उचलतं. तुमच्या हातातलं काम, मनातली भावना आणि आसपासची एखादी विसंगत वस्तू, ही मात्र खास तुमची असते. तिथे खणावं लागतं.

दोन उदाहरणं देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

घोडबंदर रोडला राहणारी बारावीची मुलगी. स्वप्नात वडील गेलेत, आणि ही शेजारच्या खोलीत शांतपणे चित्र काढत बसलीय. उठल्यावर स्वतःचीच किळस आली, आठ दिवस वडिलांच्या डोळ्याला डोळा देऊ शकली नाही. तिला मी विचारलं, स्वप्नात घर कसं होतं? ती म्हणाली, "शांत होतं. कुणी टेस्टचे मार्क विचारत नव्हतं." त्या घरात दीड वर्ष 'नीट' ह्या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेशिवाय दुसरा विषय नव्हता आणि रंगांची पेटी माळ्यावर गेली होती. तिला वडील नको नव्हते, तिला ती शांतता हवी होती. स्वप्नाला बारीक कलाकुसर जमत नाही. कटकट थांबवायची तर ते कटकट करणाऱ्यालाच उचलतं.

दुसरे एक गृहस्थ, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यात ३१ वर्षं नोकरी, कारखाना बंद झाला. त्यांना स्वतःचंच मरण दिसायचं. ठाण्यातल्या जवाहर बागेच्या स्मशानात तिरडी उतरवलीय, मुलगा पाणी घेऊन उभा आहे, आणि हे वरून बघतायत. त्यांना मरणाचं काही वाटत नव्हतं. चीड एकाच गोष्टीची येत होती: गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र कुणी काढलं नव्हतं. "पट्ट्यासकट जाळणार होते मला," हे सांगताना ते माझ्यासमोर हसले आणि मग बराच वेळ गप्प बसले. इथे युंग अगदी बरोबर आहे. पण 'परिवर्तन' हा शब्द मी त्यांना सांगितलाच नाही. तो पट्टा पुरेसा होता.

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याची एक नोंद मला ह्या बाबतीत फार आवडते. स्वप्नांवरचं त्याचं प्रसिद्ध पुस्तक १८९९ च्या नोव्हेंबरात आलं, छापलेलं साल मात्र १९००. त्यात एका तरुणीचं स्वप्न आहे. बहिणीचा थोरला मुलगा आधीच वारलेला. स्वप्नात धाकटा शवपेटीत आहे, भोवती मेणबत्त्या आहेत, आणि हिला काहीच दुःख होत नाही. आपण इतक्या दुष्ट आहोत का, ह्या विचाराने ती हादरली. खोलात गेल्यावर कळलं, की ज्या माणसावर तिचं मन होतं तो थोरल्याच्या अंत्यविधीला आला होता आणि फार दिवसांनी तिला दिसला होता. स्वप्नाने साधा हिशोब केला: पुन्हा असा प्रसंग आला तर तो पुन्हा येईल. मूल त्यात निमित्तमात्र. दुःख नव्हतं, कारण स्वप्न त्या मुलाबद्दल नव्हतंच.

आप्ताच्या मरणाचं स्वप्न पडलं आणि त्यात दुःखही झालं, तर मात्र कधीतरी, निदान लहानपणी, ते मरण मनाने इच्छिलेलं असतं, असंही फ्रॉइडने मांडलं. ते मला पटत नाही. आजारी सासऱ्यांची दोन वर्षं सेवा करून सून थकते, तिला स्वप्नात ते गेलेले दिसतात, ती हमसून रडत उठते. तिला लहानपणच्या कुठल्या इच्छेचा दाखला द्यायचा? तिला एक रात्र सलग झोप हवी असते.

स्वतःच्या मरणाच्या स्वप्नाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती मी चुकून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत एक तरुण आला होता. स्वप्नात तो खाडीत बुडतो, आणि पाणी डोक्यावरून गेल्यावर त्याला फार शांत वाटतं. मी नुकतीच पुस्तकं वाचून बाहेर पडलेली. जुना तू संपतोयस, नवा येतोय, असं मोठ्या थाटात सांगितलं. संत तुकारामांनी आपलं मरण आपल्या डोळ्यांनी पाहिलं आणि त्याचा अनुपम सोहळा झाला, तो अभंगही ऐकवला. पुढच्या भेटीत तोच म्हणाला, "मॅडम, मला ती शांतता जागेपणीपण हवीशी वाटते." मला घाम फुटला. सुदैवाने तो परत आला होता, त्याच्यावर उपचार झाले, आज तो व्यवस्थित आहे. तुकोबांचा सोहळा अहंकार गळाल्याचा आहे; जगणं नकोसं झालेल्या माणसाला तो ऐकवणं ही माझी चूक होती. तेव्हापासून मरणाच्या स्वप्नात सुटकेची भावना कानावर आली, की मी सरळ विचारते: जागेपणी मरावंसं वाटतं का? हे विचारल्याने कुणाच्या डोक्यात तसा विचार घुसत नाही, उलट माणूस मोकळा होतो. वाचणाऱ्यांपैकी कुणाचं उत्तर 'हो' असेल तर स्वप्नाचा अर्थ बाजूला ठेवा. १४४१६ हा टेलिमानसचा मोफत सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. शिवाय आजच्या आज घरातल्या एकाला सांगा.

गेलेली माणसं स्वप्नात परत येतात तो प्रकार वेगळाच. तुमचा प्रश्न त्याबद्दल नाही, पण पितृपक्षाच्या सुमारास माझ्याकडे हाच विषय सगळ्यात जास्त येतो. वडील स्वप्नात आले, काहीच बोलले नाहीत. म्हणजे काही राहिलं का, कावळा उशिरा शिवला होता म्हणून का? जवळचं माणूस गेल्यावर पहिल्या काही महिन्यांत ते बहुतेकदा जिवंत, घरात वावरणारं दिसतं, आणि आपल्याला स्वप्नातच प्रश्न पडतो की अरे, हे तर गेले होते ना? मनाला बातमी एकदम पचत नाही, ते हप्त्याहप्त्याने ती घेतं. पुढे निरोपाची स्वप्नं येतात, त्यात माणूस बरं दिसतं, तरुण दिसतं, आजारपणाआधीचं दिसतं. अशा स्वप्नांनंतर रडू येतं, पण ते हलकं करणारं रडू असतं.

ज्यांना निरोप घेताच आला नाही त्यांचं मात्र अडकतं. २०२० आणि २०२१ मध्ये कोविडने गेलेल्यांची तोंडंसुद्धा कितीतरी घरांना नीट बघता आली नाहीत. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं मयत लांबूनच बघायचं, दहावं-तेरावं फोनवर. त्यातले एक जण अजून येतात. त्यांना स्वप्नात वडिलांचा चेहराच दिसत नाही, फक्त आवाज येतो, "मला घरी ने." आम्ही ह्याचा गूढ अर्थ काढत बसलो नाही. त्यांनी वडिलांचा चष्मा आणि बंडी अजून त्या दवाखान्याच्या पिशवीतच ठेवली होती. ती पिशवी उघडून वस्तू घरातल्या कपाटात नेऊन ठेवल्या. स्वप्न बंद झालं नाही, पण त्यात आता वडील खुर्चीत बसलेले असतात.

एक भाग पटकन सांगून टाकते, कारण तो नेहमी राहून जातो. काही स्वप्नं मनाची नसून शरीराची असतात. गुदमरून मरतोय असं वारंवार दिसत असेल आणि घोरणंही असेल, तर झोपेत श्वास अडतो का ते तपासून घ्या. रक्तदाबासाठी दिलेल्या प्रोप्रॅनोलॉल, मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्यांनी, नैराश्यावरच्या काही औषधांनी आणि दारू एकदम सोडल्यानंतर भयानक स्वप्नं पडू शकतात. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. आणि छातीवर कुणीतरी बसलंय, हलता येत नाही, हा प्रकार म्हणजे रेम झोपेत शरीर सैल पडलेलं असताना मनाला अर्धवट जाग येणं. भूत नाही, मरणही नाही.

आता तुमच्या किल्ल्या.

तुम्ही मला पत्रात आईबद्दल तीन वाक्यं लिहिलीत आणि किल्ल्यांबद्दल आठ. कपाट गोदरेजचं, वडिलांच्या वेळचं. त्यात सातबारा, पासबुकं, आईचे डागदागिने. आणि किल्ल्या आई कुठे ठेवते हे तुम्हाला माहीत नाही. भाऊ पुण्यात, तो म्हणतो बघू नंतर. दिवाळीपासून आईला इकडे आणायचं चाललंय आणि कोपरखैरण्याच्या वन आरकेत तिला ठेवायचं कुठे, ह्याचं उत्तर नाही. पुढे एका ओळीत लिहिलंत, की आईच्या डोळ्यांची तपासणी दोनदा पुढे ढकलली कारण सुट्टी मिळाली नाही. 'गाडी चुकेल' हे वाक्य कुणाचं असेल? माझा अंदाज असा, की ते तुमचंच आहे. रोज सकाळी साडेसातला तुम्ही मुलाला हेच म्हणत असाल.

म्हणून रडू आलं नाही. त्या पडवीत तुम्ही मुलगी म्हणून उभ्याच नव्हतात, कारभारीण म्हणून उभ्या होतात. ज्याच्या डोक्यावर सगळ्या व्यवस्थेचा भार असतो तो खऱ्या मयतातही रडत नाही. तो बांबू, मडकं, दाखला आणि आलेल्यांचा चहा बघत फिरतो. रडणं नंतर येतं, कधी महिन्याने, बटाटे चिरताना. स्वप्नात तुम्ही कोरड्या राहिलात यातून आईवर माया नाही असं काही निघत नाही. रेम झोपेत भीती आणि भावना हाताळणारा मेंदूचा भाग चांगलाच जागा असतो आणि विवेक करणारा भाग पेंगत असतो. म्हणून काळजी थेट मयतापर्यंत धावत गेली. 'आईची कागदपत्रं बघायला हवीत' एवढं साधं वाक्य झोपेतल्या मेंदूला बोलता येत नाही.

स्वप्न परत पडत असेल तर एक उपाय आहे, आणि तो पुराव्यावर टिकलेला आहे. दिवसा उजेडी स्वप्न कागदावर लिहा. मग त्यात तुम्हाला हवा तो बदल करा, कुठूनही, आणि ते नवं स्वप्न रोज दहा-पंधरा मिनिटं डोळे मिटून मनात चालवा. २००१ मध्ये अमेरिकेत बॅरी क्रॅको आणि सहकाऱ्यांनी लैंगिक अत्याचारातून गेलेल्या १६८ स्त्रियांवर ह्या पद्धतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांनी हे केलं त्यांची दुःस्वप्नं कमी झाली, झोपही सुधारली. हे वाचलं तेव्हा मला पुन्हा चरकच आठवला. अशुभ स्वप्न पाहून लगेच पुन्हा सौम्य, शुभ स्वप्न पाहिलं तर फळ शुभच समजावं, असं त्याच अध्यायाच्या शेवटी आहे. तिथे ते दुसरं स्वप्न आपोआप पडावं लागतं. इथे आपण ते बसून रचायचं. तुमच्या नव्या स्वप्नात आई उठून बसली पाहिजे असं काही नाही. किल्ल्या सापडल्या तरी पुष्कळ झालं. माझ्याकडच्या एक बाई अशाच स्वप्नात फक्त पायातल्या चपला काढून मयताशेजारी मांडी घालून बसल्या, एवढाच बदल. तीन आठवड्यांत त्यांना झोप लागायला लागली.

दोन-तीन आठवडे हे करूनही आठवड्यातून एकदोनदा स्वप्न येत राहिलं, झोपायचीच भीती वाटू लागली, किंवा दिवसा कामात लक्ष लागेना, तर जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. ते नाव ऐकून लोक अजून दचकतात, पण तिथे ओपीडीत झोप लागत नाही म्हणून आलेली तुमच्या-माझ्यासारखीच माणसं रांगेत बसलेली असतात.

आणि येत्या शनिवार-रविवारी साताऱ्याची गाडी धरा. डोळ्यांची तपासणी तिथेच करून घ्या, तिला इकडे आणण्याची वाट बघू नका. स्वप्न आईला सांगायचं की नाही? मावशी नको म्हणाल्या, मी म्हणेन सांगा, फक्त दिवसा सांगा आणि चहा पिताना सांगा. त्या पिढीच्या बायका अशा गोष्टींना आपल्यापेक्षा कमी घाबरतात. बहुतेक ती हसेल आणि म्हणेल, "बरं झालं, माझं आयुष्य वाढलं." तेवढ्यात विचारून घ्या, कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात ते.